ताण मोडला मास्तरांनी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे. माझी हकीकत मग सांगते, आधी मुकुंदरावांबद्दलची तक्रार. पांढुर्ण्याचे हे मास्तर माझ्या पायऱ्यांवर ओले पायजमे वाळत घालतात. वरून पाहुण्यांना म्हणतात, "जुनं लाकूड आहे, पडून आहे." लाकूड! ज्याला बांबू ओळखू येत नाही तो पोरांना काय शिकवत असेल?

मोहगावच्या बुरडाने मला बांधलं. दहा वर्षं मी सौंसरकडच्या संत्र्याच्या बागांत रामाजीच्या टोळीबरोबर राबले. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण हिवाळा सरताना फुलतो तो आंबिया बहार आणि पावसात फुलतो तो मृग, हे मला झोपेतही सांगता येईल. संत्रं ओढायचं नसतं, थोडा देठ ठेवून तोडायचं असतं. ओढलेलं फळ टोपलीत कुजतं आणि शेजारच्यालाही कुजवतं. रामाजी ओरडायचा, "देठ ठेव ना बाई, फळ हाय ते, दुश्मनाचा कान नाही!"

पुढे मी वामन रंगाऱ्याकडे होते. तिथे 'हात' म्हणजे चुन्याचा थर. पहिला हात आडवा, दुसरा उभा. चुना मुरला नसेल तर भिंत तो सोडून देते. वामनला उंच शिडी मिळाली, तेव्हा शकुंतलाबाईंनी मला घरी आणलं. त्या मास्तरांच्या मंडळी. परसात त्यांची नऊ संत्र्याची झाडं. पाच वर्षं विहिरीचं पाणी ओढून त्यांनी ती वाढवली. पंच्याऐंशी साली पहिला आंबिया यायचा होता. पहिली टोपली जामसांवलीच्या मारुतीपुढे ठेवायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आता नीट ऐका. संत्र्याला फुलं हवी असतील तर आधी त्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड तहानेलं ठेवायचं. पानं वळतात, थोडी गळतात. त्याला म्हणतात ताण. मग पाणी दिलं की फांदी फुलांनी भरते; ताण मधेच मोडला तर नुसता पाला फुटतो.

पौषात बहिणीच्या बाळंतपणाला जाताना शकुंतलाबाई बजावून गेल्या, "संक्रांतीपर्यंत एक थेंब नाही टाकायचा जी."

"हो गं बाई, किती वेळा सांगशील!" मास्तर म्हणाले.

तिसऱ्याच दिवशी त्यांना दया आली. "बिचारी सुकून राहिली," असं म्हणत त्यांनी नऊही आळी बादल्यांनी तुडुंब भरली. मी झाडालाच टेकून उभी होते. करकरले, हलले. मास्तर म्हणाले, "ही शिडी चुलीत घातली पाहिजे," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घातलं.

पंधरा दिवसांनी शकुंतलाबाई परतल्या. पिशवी हातातच होती.

"पाणी टाकलं काय जी?"

"मरून राहिली होती झाडं! पाहा, कशी हिरवीगार केली."

त्यांनी एक फांदी वाकवली. नुसती कोवळी पालवी. कळी एक नाही.

"पाला खाऊन राहाल काय वर्षभर? बहार गेला न माझा!"

"मले काय माहीत? पुस्तकात लिहिलं हाय, झाडाले पाणी द्यावं."

"पुस्तकाले विचारलं. मी सांगून गेली होती, ते काहून नाही ऐकलं?"

बाई माझ्या खालच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. पाच वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, राबलेल्या माणसाला आणि राबलेल्या वस्तूला काही ठाऊक असतं, एवढं तरी धरून चला. मास्तरांना माझी करकर तेवढी ऐकू आली असेल, तरी मी तोंडावर बोललेच:

"मुकुंदराव, तुम्ही दयाळू आहात आणि अडाणी आहात. आजपासून या परसात शकुंतलाबाईंनी सांगितल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही."