रेषेच्या आत

“काका, रेषेच्या बाहेर. आधी बाहेर व्हा.”

बँकेच्या पहारेकऱ्याने खाली पाहिलं. त्याच्या चकचकीत बुटांची टोकं चुन्याच्या रेषेच्या वीतभर आत आली होती. शाळेच्या फाटकापाशी मारलेली ती रेष धावपळीत त्याला दिसलीच नव्हती. तो मागे सरकला.

“बंदूक बँकेत ठेवून आलोय, बाई. काडतुसांचा पट्टासुद्धा. मला नियम माहीत आहे.”

“अर्धाच माहीत आहे,” मतदान केंद्राच्या अधिकारी बाई म्हणाल्या. एरवी त्या गणित शिकवायच्या, आणि ते लपत नव्हतं. “गणवेशही चालत नाही. मी बोलावल्याशिवाय असा पोशाख घालून कोणीही आत यायचं नाही. लोकांनी बिचकत बिचकत मत देऊ नये, म्हणून कायदाच आहे तसा.”

“मला कोण बिचकतंय? घरात मांजरसुद्धा बिचकत नाही.”

रांगेतली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत, पण घड्याळाकडे बघताना त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. मतदान संपायला वीस मिनिटं होती, आणि पहारेकऱ्याचं घर अर्ध्या तासावर.

खरं तर आज त्याने मुद्दाम ठेवणीतला गणवेश घातला होता. सव्वीस वर्षांत तो कधी मत द्यायला आलाच नव्हता. मतदानाला बँक बंद असायची. तिजोरीला मात्र सुट्टी नसायची. या खेपेला त्याने साहेबांची मनधरणी करून बदली माणूस मिळवला. तो पठ्ठ्या तासभर उशिरा उगवला.

आत व्हरांड्यातल्या बाकावर बायको दुपारपासून बसली होती. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी नेली. अशा मतदाराला विश्वासाचं एक माणूस सोबत नेता येतं. तिला घेऊन आलेली शेजारीण तयारही होती, पण ही हटून बसली.

“मत कोणाला देते ते सव्वीस वर्षं मी यांनासुद्धा सांगितलं नाही, तुला कशी सांगू? सांगायचंच झालं तर त्यांनाच सांगेन. नाहीतर चला घरी.”

ते शब्द फाटकापर्यंत ऐकू आले. पहारेकऱ्याने आढेवेढे न घेता शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. आतल्या बनियनला भोकं होती. इतक्या लोकांसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात रांगेतल्या एका रंगाऱ्याने पिशवीतून कामाचा सदरा काढून त्याच्या अंगावर टाकला. सदऱ्यावर हिरव्या रंगाचे शिंतोडे होते आणि बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या.

“आणि तो कमरेचा पट्टा,” बाई म्हणाल्या. “बक्कलवर बँकेचं चिन्ह आहे.”

पट्टाही निघाला. विजार ढिली पडली. एका हाताने ती सावरत तो धावतच बायकोसमोर जाऊन उभा राहिला. धाप लागल्यामुळे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तिने हात पुढे केला, सदऱ्याचं कापड चाचपलं आणि हात झटकन मागे घेतला.

“कोण आहे?”

मग काय वाटलं कोण जाणे, तिचा हात पुन्हा पुढे आला आणि उजव्या खांद्यावर थांबला. बंदुकीच्या पट्ट्याने तिथे खळगा पाडला होता. रोज सकाळी ती तिथेच तेल जिरवायची.

“उशीर केलात,” ती म्हणाली आणि उठली.

गुप्तता पाळेन, असं लिहिलेल्या कागदावर त्याने सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतपत्रिका पसरून तो शिक्का घेऊन सज्ज झाला. तिने त्याच्या कानात चिन्ह सांगितलं. तो चपापला. ज्या माणसाला तो चहा पिताना रोज शिव्या द्यायचा, त्याचंच ते चिन्ह होतं.

“अगं, नक्की? दर वेळी यालाच देत होतीस?”

“छे. दर वेळी तुमच्यालाच,” ती पुटपुटली. “तुम्हाला येता यायचं नाही. घरातून एकच मत जायचं, म्हटलं तुमचं जाऊ दे. आज तुम्ही आलात ना? मग आज माझं.”

सव्वीस वर्षांत तिचं स्वतःचं मत एकदाही पेटीत पडलं नव्हतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याने विजार सोडून दिली, पाय फाकून ती कशीबशी अडवली, आणि दोन्ही हातांनी, चौकोनाच्या बरोब्बर मधोमध शिक्का उमटवला. घडी घालण्याआधी शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

मग तिला बाकावर बसवून त्याने आपलं मत दिलं, विरुद्ध बाजूला. दोघांची मतं तिथल्या तिथे फिटली.

रेषेबाहेर आल्यावर शेजारणीला राहवेना. “शेवटी कोणाला दिलं हिने?”

“सही करून आलोय,” तो म्हणाला.

“गणवेश घालताय?” बायकोने विचारलं.

त्याने काखेतल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. सदरा उद्या दिला तरी चालेल, असं रंगारी म्हणाला होता.

“राहू दे,” तो म्हणाला. तिने खांद्यावरच्या खळग्यात हात ठेवला आणि तो तिच्या पावलांच्या बेताने घराकडे चालू लागला.