‘मारिगो’ बोटीचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीचा नव्हे की झोपाळ्याचाही नव्हे. मी बोटीचा दोर. आग्नी बेटावरून निघून समोरच्या पेत्रूसा बेटाला टेकायचं आणि पुढे बाजाराच्या मोठ्या बेटावर जायचं, अशी आमच्या ‘मारिगो’ बोटीची रोजची फेरी असे. संध्याकाळी त्याच वाटेने परत. धक्का आला की खलाशी पांदेलिस मला भिरकावून खुंटात अडकवत असे. माझा जन्म ग्रीसच्या पिरेयस बंदरातल्या एका कारखान्यात झाला. चार पेड एकमेकांत घट्ट पिळून मला घडवलं, आणि मला एकच काम शिकवलं : धरून ठेवायचं.

पेत्रूसाला बोट जेमतेम दहा मिनिटं थांबायची. तेवढ्या वेळात मी धक्का आणि बोट यांच्यामध्ये ताणलेला असे, आणि माझ्या दोन टोकांना दोन बहिणी उभ्या असत. धक्क्यावर थोरली अनेझो आणि डेकवर धाकटी फ्रोसो. फ्रोसो लग्न होऊन आग्नीला आली होती. दर शनिवारी ती चीज विकायला बाजाराच्या बेटावर जाई. अनेझोचे गुडघे गेलेले, शिवाय बोटीत पाय ठेवला की तिला उलट्या होत. त्यामुळे ती धक्क्यावरूनच ओरडायची.

“उतर की गं खाली! वांगी भरून ठेवलीत तुझ्यासाठी.”

“आज नाही ताई. चीज उन्हात खराब होईल. संध्याकाळी शेळ्या खोळंबतात.”

“त्या शेळ्यांशीच लग्न लागलंय का तुझं?”

“नवऱ्यापेक्षा बऱ्या आहेत. निदान घोरत तरी नाहीत!”

सगळी बोट हसायची. मग फ्रोसो चीजचा गोळा खाली द्यायची आणि अनेझो सुक्या अंजिरांची पुडी वर फेकायची. “पुढच्या शनिवारी नक्की उतरते,” असं फ्रोसो म्हणायची. पांदेलिस मला खुंटातून सोडवायचा आणि आम्ही निघायचो. अशी कितीतरी वर्षं गेली. मला वाटे, हे असंच चालणार.

एका हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला. बंदर कचेरीने बोटींवर बंदी घातली. आम्ही आग्नीच्या धक्क्याला बांधलेले होतो. त्याच सकाळी पेत्रूसाच्या नर्सबाईंचा फोन आला. अनेझोच्या छातीत पाणी झालं होतं. हेलिकॉप्टरही उडू शकत नव्हतं. बहिणीला लवकर या म्हणावं, एवढाच निरोप होता.

फ्रोसो चांगला कोट घालून, हातात टोपली घेऊन बोटीवर येऊन बसली. कप्तान लेफ्तेरिस तिच्याजवळ गेला.

“मावशी, घरी जा. बंदी उठली की मी स्वतः बोलवायला येतो.”

“मी इथंच बसते. मला चढायला वेळ लागतो.”

“या वाऱ्यात बोट निघणार नाही.”

“तुझ्या बापानं याहून मोठ्या वाऱ्यात काढली होती, लेफ्तेरी.”

“हो मावशी,” कप्तान हळूच म्हणाला, “आणि बाबा परत आले नाहीत.”

फ्रोसोने टोपली मांडीवर ओढली. समोर पेत्रूसावरची पांढरी घरं दिसत होती. त्यांतलं एक अनेझोचं. लाटा धक्क्यावरून पलीकडे उडत होत्या, बोट मला हिसके देत होती आणि मी करकरत होतो.

दुपारी कप्तान कचेरीत गेला तेव्हा फ्रोसो उठली. आधी तिने मला बोटीवरच्या खुंटावरून उचलून पाहिलं. मी इतका ताणलेला होतो की जागचा हललो नाही. तिने मला शिव्या दिल्या, मुठींनी मारलं. मग टोपलीतून चीज कापायची सुरी काढली आणि मला कापू लागली. माझा एक पेड तुटला. पांदेलिस धावत आला.

“मावशी, काय करताय! बोट खडकावर जाईल!”

“जाऊ दे! माझी ताई तिकडे एकटी आहे रे!”

त्याने तिचे हात धरले. सुरी खाली पडली. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं की उरलेले तीन पेडही सोडून द्यावेत. पण दोराला धरून ठेवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. मी धरून राहिलो.

कप्तान परत आला तो टोपी हातात घेऊनच. फ्रोसोने त्याच्याकडे पाहिलं.

“बोलू नकोस,” ती म्हणाली.

नंतर कप्तानाने माझ्यावर हात फिरवला. “तू होतास म्हणून बोट वाचली,” असं तो म्हणाला. माझ्या सबंध आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं कौतुक. पलीकडे फ्रोसो फळीवर डोकं टेकून रडत होती. ते कौतुक मला आजही नकोसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. समुद्र ताटासारखा सपाट झाला होता. पेत्रूसाच्या धक्क्यावर कोणी हाका मारत नव्हतं. फ्रोसो एकटी खाली उतरली.

पेड तुटलेला दोर बोटीला चालत नाही. मला काही दिवस कोपऱ्यात टाकून दिलं. मग पांदेलिसने मला उकललं, विणलं आणि माझं पायपुसणं करून पेत्रूसाच्या धक्क्यावर टाकलं. आता येणारे-जाणारे माझ्यावर पाय पुसतात. उन्हाने माझे धागे झडू लागले आहेत.

फ्रोसो आता दर शनिवारी उतरते. अनेझोच्या कबरीवर दिवा लावते आणि संध्याकाळच्या बोटीने जाते. शेळ्या तिने विकून टाकल्या. कप्तानाशी ती अवाक्षर बोलत नसे. वर्षश्राद्धाच्या दिवशी मात्र तिने उकडलेल्या गोड गव्हांचा प्रसाद सगळ्यांना वाटला. माझ्यावर उभं राहून कप्तानाने दोन्ही हात पुढे केले. तिने त्यांत मूठभर गहू घातले.

“मावशी, अजून रागावलेल्याच आहात?”

“तू बरोबर होतास,” ती म्हणाली. “म्हणून तर तुझ्याशी बोलवत नाही मला. चुकला असतास तर भांडून मोकळी झाले असते.”

कप्तान तिथेच उभा राहिला. गहू त्याच्या हातातच राहिले.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. माझ्यावर पाय पुसा, माझी काही तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. तुमचं कोणी पलीकडे वाट पाहत असेल, तर समुद्र शांत असतानाच उतरून त्यांच्या घरी जा, त्यांच्या हातचे दोन घास खा. वारा सुटल्यावर आम्हा दोरांच्या कितीही विनवण्या केल्यात, तरी आम्हाला सोडता येत नाही.