घरून करायची नोकरी

सकाळचा चहा उरकला की रामभाऊ कोट चढवत. खाली लेंगा, वर कोट आणि टाय. व्हिडिओत कमरेखालचं कुणाला दिसतंय? स्वयंपाकघरातून त्यांची बायको मंगलाबाई रोज विचारत, "इंटरव्ह्यू सुनेचा आहे की तुमचा?" पण रामभाऊंच्या उत्साहाला खीळ बसत नसे. पॉलिटेक्निकात तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला माणूस. समोर विद्यार्थी नसला तर त्याला अन्न गोड लागत नाही. आता त्यांना शमिका मिळाली होती.

शमिका त्यांची सून. लग्नाआधी भोपाळला एका कंपनीत आकडेवारीचं काम करायची. लग्न झालं, नोकरी सुटली, आणि "इंदूरला बघू काहीतरी" म्हणता म्हणता दोन वर्षं निघून गेली. आता बंगळूरच्या एका कंपनीच्या दोन फेऱ्या ती पार करून बसली होती. तिसरी आणि शेवटची, शुक्रवारी अकरा वाजता. नोकरी घरूनच करायची, त्यामुळे मंगलाबाईंचीही ना नव्हती. सून उंबऱ्याबाहेर पडत नाही आणि पगार घरात येतो, याहून सोयीचं काय असणार?

हॉलच्या कोपऱ्यात रामभाऊंनी दरबारच मांडला होता. चार जाडजूड पुस्तकांवर लॅपटॉप, बाजूला टेबललॅम्प, मागे दोरीवर पांढरी चादर.

"समजा त्यांनी विचारलं," रामभाऊ घसा खाकरून म्हणाले, "की एक असा कठीण प्रसंग सांगा, सगळे तुमच्या विरुद्ध होते, तरी तुम्ही जे बरोबर तेच केलंत. काय सांगशील?"

शमिका हसली. "बाबा, असं कधी झालंच नाही ना. मी कुठे कोणाच्या खिलाफ गेले?"

"सोचून ठेव बेटा. हा सवाल येतोच. आणि उत्तर देताना नजर सीधी कॅमेऱ्यात. माणूस खाली बघायला लागला की समजायचं, जवाब नाहीये त्याच्याजवळ."

एक पेच होता. त्याच शुक्रवारी घरी महालक्ष्म्यांचं पूजन होतं. मखर हॉलमध्ये आणि वायफायचा डबाही हॉलमध्येच, टीव्हीच्या वरच्या फळीवर. त्यावर तोडगा निघाला: एका बाजूला देवी, चादरीच्या दुसऱ्या बाजूला शमिका. आवाज जरा हळू ठेवायचा, एवढंच.

दुसरा पेच मंगलाबाईंनी कॅलेंडर बघून आधीच सोडवला होता. सुनेची तारीख नेमकी सणात येत होती. मग पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणवल्या. त्या आणल्या रामभाऊंनीच, कागदी पुडीत गुंडाळून. गोळ्यांनी शमिकाला आठ दिवस मळमळत होतं. आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा याला कुणी जुलूम म्हणत नाही. सोय म्हणतात.

शुक्रवारी सकाळी दहाला, गोळ्यांना न जुमानता, पाळी आलीच.

शमिका गप्प राहू शकली असती. चादरीआड कुणाला काय कळणार होतं? पण तिला खोटं जमत नव्हतं, आणि बाबा आपल्या बाजूने आहेत याची तिला खात्री होती. तिने सासूबाईंना जाऊन सांगितलं.

मंगलाबाई सोवळ्यात होत्या. दोन पावलं मागे सरल्या. "आता हॉलमध्ये पाय नको टाकू. देवी बसल्यात."

"आई, एक तासाचीच बात आहे. मी काहीच शिवणार नाही."

"माझ्या सासूने मला चार दिवस न्हाणीपाशी बसवलं. मी कधी जबान चालवली का? तू मागच्या खोलीत बस. नेट काय भिंतीला अडतं?"

शमिकाने रामभाऊंकडे पाहिलं. रामभाऊंनी टायची गाठ सारखी केली. परवाच गणपतीच्या मांडवात ते स्त्रीशिक्षणावर तासभर बोलले होते आणि टाळ्या घेऊन घरी आले होते.

"आजच्या दिवस ॲडजस्ट कर बेटा," ते म्हणाले. "सणाचं घरात क्लेश नको."

मागच्या खोलीत गव्हाच्या कोठ्या होत्या आणि हिवाळ्याच्या रजया. दीड हात जाडीच्या त्या भिंतींत मोबाइलची रेंज शिरत नसे, वायफाय कसंबसं पोचे. शमिका एका कोठीवर लॅपटॉप ठेवून बसली. हॉलमधून रामभाऊंना तिचा आवाज ऐकू येत होता. पहिलं उत्तर सुरेख गेलं. दुसऱ्याच्या मध्येच पलीकडची बाई म्हणाली, "शमिका, तुम्ही सारख्या अडकताय. राउटरच्या जवळ येता का प्लीज?"

"येस मॅम, एक मिनिट," शमिका म्हणाली. लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत ती बोळातून हॉलच्या दारापर्यंत आली.

मंगलाबाई नैवेद्याचं ताट घेऊन दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "अहो, थांबवा तिला."

"हं, आता जरा बरं दिसताय," लॅपटॉपमधली बाई म्हणाली. "अजून थोडं जवळ या."

शमिकाने सासऱ्यांकडे पाहिलं आणि उंबरा ओलांडायला पाऊल उचललं.

रामभाऊ टीव्हीपाशीच उभे होते. त्यांच्या मनात आलं, नेटच नसलं तर हिला आत यायचं कारणच उरणार नाही. बायको शांत, देवी शांत, कुणाला काही बोलायलाही नको. सांगू, लाइट गेली. त्यांनी हात वर केला आणि राउटरचा स्विच बंद केला.

बोलणाऱ्या बाईचा चेहरा पडद्यावर गोठला. शमिकाने वर पाहिलं. पंखा फिरत होता. मखराची माळ लुकलुकत होती. मग तिने फळीपाशी अजून तसाच असलेला सासऱ्यांचा हात पाहिला, आणि उचललेलं पाऊल मागे घेतलं.

पाच मिनिटांनी रामभाऊंनी स्विच पुन्हा लावला. तोवर पलीकडे कुणी नव्हतं. दुपारी पंगत बसली, पुरणपोळीचं कौतुक झालं, हळदीकुंकवाच्या बायकांना सांगितलं गेलं की सुनेची तब्येत जरा नरम आहे. संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. ज्यांच्या घरी कामाची नीट सोय आहे अशाच उमेदवाराचा विचार करणं भाग आहे, असं त्यात सभ्य शब्दांत लिहिलं होतं. नोकरी घरून करायची होती, आणि त्या घरातच तिला बसायला जागा मिळाली नाही.

चौथ्या दिवशी शमिका न्हाऊन हॉलमध्ये आली. रामभाऊ कोट घालून तयार होते. "चल बेटा, हिंमत नाही हारायची," ते म्हणाले. "दुसऱ्या कंपनीची तयारी करू."

"बसा बाबा," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर तिने त्यांना बसवलं. स्वतः समोर बसली. "एक कठीण प्रसंग सांगा. सगळे विरुद्ध होते, तरी तुम्ही जे बरोबर तेच केलंत."

रामभाऊंनी तोंड उघडलं. तेहतीस वर्षांत शेकडो पोरांना त्यांनी या प्रश्नाचं उत्तर घोटून दिलं होतं. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"कॅमेऱ्यात बघा, बाबा."

त्यांना ते जमलं नाही. आतून मंगलाबाईंच्या पाटावरवंट्याचा आवाज थांबला होता. शमिका उठली, दोरीवरची चादर काढून तिची घडी घातली.

"पुढच्या महिन्यात मी बाजूला बसणार नाही," ती म्हणाली. "आईंना मी स्वतः सांगेन. त्या ओरडतील, रडतील, मी बघून घेईन. तुम्ही माझ्या बाजूने बोला असंही मी म्हणत नाही. बस, स्विचला हात नका लावू."