चौकड्यांचा शर्ट

गिरीश गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्युनरल होममधून फोन आला, त्यांचे कपडे आणून द्या म्हणून. कोणते द्यायचे हे मला माहीत होतं. निळ्या चौकड्यांचा, विरलेल्या कॉलरचा एक जुनाट शर्ट. मी तो डोनेशनच्या पिशवीत टाकला की माझा नवरा परत बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "मला पोचवाल तेव्हा ह्यातच पोचवा." कॅरी गावातलं आमचं अख्खं घर पालथं घातलं, शर्ट मिळाला नाही. रडू यायला हवं होतं. मला फक्त राग आला, की हा माणूस कधी म्हणून वस्तू जागेवर ठेवत नाही.

दुसरी न सापडणारी वस्तू म्हणजे आमची लेक, केया. दर उन्हाळ्यात ती डोंगरातल्या जंगलात एका मेळाव्याला जाते. तिथे फोनला रेंज नाही, आणि कपडे घालायचे तर घाला, नाहीतर राहू द्या. ह्या वर्षी गिरीश तिला म्हणाला होता, "गेलीस तर परत येऊ नकोस." मग दोघं बोललेच नाहीत, निदान माझ्यासमोर तरी. उद्या दहन होतं. त्याआधी तिला आणायचं होतं, आणि ती येईल की नाही याची मला खात्री नव्हती.

शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये राहणारे आमचे स्नेही शशिकांतकाका गाडी घेऊन आले. "सुनेत्रा, मी ड्राइव्ह करतो. तू नुसती बस." मी केयासाठी इस्त्रीचा सलवार-कमीज घेतला, ओढणीसकट. पिनासुद्धा घेतल्या.

जंगलातल्या वाटेवर पहिलेच भेटलेले आजोबा फक्त टोपी घालून होते. "वेलकम होम!" म्हणत हात पसरून पुढे आले. मी जन्मात कधी सुतक पाळलेलं नाही, पण तेव्हा बरोबर आठवलं. मागे सरकून हात जोडले. त्यांनीही जोडले. काका तर मान वर करूनच चालत होते, झाडांची परीक्षा द्यायची असल्यासारखे. आजूबाजूला पोटं, पाठी, सुरकुत्या, गोंदलेले खांदे. मला लाज वाटली नाही की किळस आली नाही. काहीच झालं नाही. गिरीश गेल्यापासून मी अशीच होते. कुणी चिमटा काढला असता तरी नुसतं "हं" म्हटलं असतं.

केया चुलीपाशी मोठ्या पातेल्यात डाळ ढवळत होती. तिच्या अंगावर मांड्यांपर्यंत आलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट होता.

"आई?" ती हसलीच. "ओह माय गॉड, बाबाला शर्ट परत हवाय?"

"त्यानं दिला तुला?"

"हो, निघताना ड्राइव्हवेवर आला ना. म्हणाला, तिथे रात्री थंडी असते. आईला सांगू नको म्हणाला."

"हो," मी म्हणाले. "परत हवाय त्याला."

मग सांगितलं. जसं सगळ्यांना फोनवर सांगत होते, अगदी तसंच: हार्ट अटॅक, झोपेत, त्रास झाला नाही. उद्या दहन आहे, आणि ह्याच शर्टात पोचवा असं तो म्हणायचा.

केयानं पळी खाली ठेवली. एकेक बटण काढलं, शर्ट उतरवून माझ्या हातात दिला आणि तशीच उभी राहिली. आत काही नव्हतं. कुणी वळूनही बघितलं नाही. काकांनी पाठ फिरवली.

मी शर्ट नाकाशी नेला. नुसता धुराचा वास होता, गिरीशचा जराही नव्हता. सवयीनं बाह्या आत घेऊन घडी घातली. रडू तेव्हाही आलं नाही.

"आई, मला थंडी वाजतेय," केया म्हणाली. जूनमधली भर दुपार होती आणि पोरगी थडथड कापत होती.

कमीज काढायला मी पिशवीत हात घातला, तो पिनांना लागला. पिशवी तिथेच ठेवली आणि आधी तिला जवळ घेतलं. सुतक दोघींनाही होतं.