भरल्यावर उतरलेला रंग

कापूस भरून झाला आणि बाहुली गोरी झाली.

मी तिला उचलून खिडकीपाशी नेलं. वाटलं, ट्यूबलाइटचा दोष असेल. पण बाहेरच्या उजेडात ती आणखीच फिकी दिसली. गाल, कपाळ, हात, सगळीकडचा रंग कुणीतरी पुसून नेल्यासारखा.

"मावशी, हे बघ."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बाहुल्यांत कापूस भरायचं काम कायम तिचं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "अगं बाई! ही तर दुखण्यातून उठल्यासारखी दिसतेय." मग तिनं जीभ चावली. आई गेल्यापासून आमच्या घरात दुखण्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

आई बाहुल्या करायची. या खेपेचं काम बालवाडीचं होतं. त्या वर्गात कुठकुठल्या मुलखांतून आलेल्या घरांची मुलं होती, आणि प्रत्येकाला आपल्यासारखी एक बाहुली मिळायची होती. कुणाचे डोळे अरुंद, कुणाचे केस वाळल्या गवताच्या रंगाचे, कुणाच्या भुवया नाकावर एकमेकींना भेटणाऱ्या. आईनं एकेक मूल समोर बसवून, त्याच्या घरच्यांशी गप्पा मारून त्या केल्या. एक राहिली ती बिट्टीची. बिट्टीचे वडील उजळ घरातले, आई समुद्रापलीकडून आलेल्या काळ्या माणसांतली. बालवाडीच्या बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही पोर स्वतःचं चित्र काढते तेव्हा चेहऱ्याला रंगच देत नाही. कोणता देऊ म्हणून विचारलं तर खांदे उडवते. हिच्या बाहुलीकडे जरा जास्त लक्ष द्या."

उद्या सकाळी सगळ्या बाहुल्या वर्गातल्या बाकावर मांडायच्या होत्या, आणि मुलांनी आपली आपण ओळखायची होती.

मी बाहुलीच्या दंडावर अंगठा दाबला. कापड सैल पडलं आणि रंग गडद झाला. अंगठा काढला, परत फिका. तेव्हा कळलं. होजियरीचं कापड ताणलं की विणीतून आतल्या कापसाचा पांढरा वर येतो. म्हणून आई कापड मुलाच्या अंगापेक्षा गडद रंगवत असणार. हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. रंगाच्या पातेल्यापाशी ती कुणाला उभंच राहू देत नसे. "दोघींनी रंग बघितला की तिसराच तयार होतो," म्हणायची. तिनं रंगवायचं, मी चेहरे आणि केस करायचे, मावशीनं भरायचं. तिघींनी आपापलं टोक धरलं होतं, आणि आता तिचं टोक सुटलं होतं.

बिट्टीचं कापड आईनं दवाखान्यात जायच्या आधी रंगवून ठेवलं होतं. बिट्टी मापं द्यायला आली तेव्हा मी ते तिच्या हाताला लावून पाहिलं. कितीतरी गडद. शेवटी शेवटी आई पांढऱ्या चादरीलाही पिवळी म्हणत होती. तिची नजर गेली होती असं मी धरून चाललं, कापड घडी करून कपाटात ठेवलं, आणि बिट्टीच्या हाताशी तंतोतंत जुळणारं दुसरं रंगवलं. फार मन लावून.

"आता?" मावशीनं विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. बिट्टीची आजी, तिच्या मागे सून, आणि दोघींच्या मधून वाट काढत बिट्टी. बाहुली एकदा घरच्यांनी नजरेखालून घालावी म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं.

आजींनी बाहुली माझ्या हातातून घेतली. लांब धरली, जवळ धरली. "वा! अगदी आमच्या वळणावर गेली की. मी म्हणतच होते, हनुवटी आमचीच आहे."

सून दारापाशीच उभी राहिली. तिनं बाहुलीकडे एकदा पाहिलं, मग चपला सरळ लावायला वाकली. त्या सरळच होत्या.

"बघ बिट्टे, कोण आहे ही?" आजींनी विचारलं.

बिट्टीनं मान वाकडी करून पाहिलं. "आत्या."

आजी खळखळून हसल्या. "ऐकलंत? माझी लेक लहानपणी अशीच होती."

"माझी कुठाय?" बिट्टीनं मला विचारलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. मग कपाटामागे.

मावशीनं कागदाची पिशवी माझ्याकडे सरकवली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "देऊन टाक. झाकली मूठ. पोर उद्या खेळायला लागली की विसरेल."

द्यायला काहीच हरकत नव्हती. आजी खूश होत्या. सून बोलत नव्हती. आई गेल्यावर आम्हाला हे काम जमतंय की नाही, याकडे गावाचे डोळे होते, आणि आज कौतुक होत होतं. मी पिशवी उघडलीसुद्धा. बिट्टी तोवर शिवणयंत्रामागे शोधत होती.

"आजी," मी म्हटलं, "ही चुकलीय. रंग फिका आलाय. माझीच चूक आहे. मी दुसरी करून देते, उद्या सकाळपर्यंत."

"काही चुकलेलं नाही."

"बिट्टीचा रंग हा नाही."

"तिचा रंग कोणता ते मला शिकवू नका. मी अंघोळ घालते तिला." आजींनी बाहुली पोटाशी धरली. "मी ही घेऊन जाणार."

मावशी कापसाच्या गोणीत हात घालून तशीच बसून राहिली.

"तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला गोऱ्याचं वेड आहे," आजी म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "मी हिचा हात धरून रस्त्यानं जाते ना, तर लोक विचारतात, कुणाची हो ही मुलगी? कुणाची सांभाळताय? माझ्या सख्ख्या नातीबद्दल. एका तरी गोष्टीत ती माझ्यासारखी दिसू दे की. एवढीशी तर बाहुली."

पिशवी माझ्या हातात चुरगळत होती.

"मला विचारतात," दारातून सून म्हणाली, "यांच्याकडे किती दिवस कामाला आहेस म्हणून."

आजी वळल्या. "कोण विचारतं? कधी? मला सांगितलं नाहीस ते."

"तुम्ही शेजारीच होतात, आई. भाजी घेत होतात."

आजींना ती वेळ आठवली असावी. मानेपासून वर त्या लाल होत गेल्या. बिट्टी शिवणयंत्रामागून बाहेर आली आणि आईकडून आजीकडे, आजीकडून आईकडे बघू लागली.

"ताई," सून मला म्हणाली, "उसवा ती."

"मला विचारलंस?" आजी म्हणाल्या.

"नाही विचारलं."

ती दारातून पुढे आली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. आता मागे जायला जागा कुणालाच नव्हती. आजींनी बाहुली सोडली नाही. मीही मागितली नाही. मी कपाटातून माझ्या आईनं रंगवलेलं गडद कापड काढलं.

"ते नको गं," मावशी पटकन म्हणाली. "तिच्या हातचं शेवटचं आहे."

"बिट्टीसाठीच रंगवलंय तिनं."

घडी उघडली तर घडीच्या रेषेवर आईच्या बोटाचा एक ठसा होता, ओल्या कापडाला चिमटीत धरलं की पडतो तसा. तो डोक्याच्या मागे, केसांखाली जाईल अशा बेतानं मी खडूनं आखून घेतलं. मग कात्री चालवली. पहिल्यांदा नुसता एक हात कापला, शिवला, उलटला. मावशीनं तो माझ्याकडून घेतला आणि सळईनं कापूस ठासू लागली. कापड ताणलं गेलं. रंग चढावरून उतरल्यासारखा हळूहळू खाली आला. सगळ्यांचे डोळे मावशीच्या सळईवर. एवढंसं जरी चुकलं असतं, तरी करायला दुसरं कापड उरलं नव्हतं.

"बिट्टे, इकडे ये. हात दाखव."

खिडकीत मी तो हात बिट्टीच्या मनगटावर ठेवला. कुठे तो संपतो आणि कुठे ती सुरू होते, ते शिवणीमुळेच कळत होतं.

आईचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते. चादर खरंच पिवळी असेल. मी ती धुतलेली समजत होते.

मावशी उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

बिट्टी तो हात मुठीत धरून आजींकडे गेली. "आजी, ही मी."

"हात आहे नुसता."

"बाकीची यायचीय."

आजींनी सुनेकडे पाहिलं. ती रडत नव्हती आणि नजरही काढून घेत नव्हती.

"केसांची लोकर संपलीय, आजी," मी म्हटलं. खरंच संपली होती. "हिच्या डोक्यावरचे काढून नवीला लावावे लागतील. तुमची ना असेल, तर मी केस नसलेली देईन. पण ही मागून घेणार नाही."

आजींचा अंगठा त्या फिक्या बाहुलीच्या हनुवटीवरून फिरत राहिला. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि बाहुली मांडीवर पालथी घातली.

"चेहऱ्याला कात्री लावायची नाही," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते."

"नाही लावणार."

त्यांनी कुरळ्या केसांत बोटं घालून टाका शोधला. सापडेना. त्यांनी मान वर केली, आणि माझ्याकडे न बघता सुनेला विचारलं, "हे कुठून सुटतात?"