दत्तप्रसादचा उजवा हात

"अजून वर… थांबा. इथे?"

"हां, हितंच," दत्तप्रसाद म्हणाला आणि त्याने दात आवळले.

मेहविशने त्याचा उजवा हात अलगद खाली आणला. कुवेतमधल्या जाब्रियातल्या या दवाखान्यात सात वर्षं फिजिओथेरपी करताना तिने एसी मेकॅनिकांचे पुष्कळ खांदे पाहिले होते. ते ओझी उचलून झिजलेले असत. हा खांदा तसा नव्हता.

"दत्तादादा, खरं सांगा. तुम्ही काय फेकता?"

तो लाजला. "बॉल. अमेरिकन फुटबॉल. मी क्वार्टरबॅक हाय."

मेहविश हर्णैची. क्रिकेटपलीकडचा खेळ तिला ठाऊक नव्हता. "म्हणजे नेमकं काय करता?"

"बॉल माझ्या हातात येतो. चार-पाच दांडगे मला आडवं पाडायला धावतात. दोन-तीन सेकंद मिळतात बगा. तेवढ्यात लांब पळणाऱ्या आपल्या गड्याकडं बॉल टाकायचा. तो हाय तिथं नाय, पोचंल तिथं."

"हे कुठे शिकलात?"

"गावाला, पालशेतला. माकडांवर."

ती हसली, पण तो खरंच सांगत होता. आंब्याच्या बागेत माकडं शिरली की वडील त्याला दगड देऊन पाठवत. माकडाला मात्र लागता कामा नये. ते उडी मारणार त्या फांदीवर दगड आधी पोचला पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी फहाहीलच्या एका क्लबच्या गच्चीवर तो एसी दुरुस्त करत असताना एक लांबुळका बॉल वर येऊन पडला. त्याने परत फेकला. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला धावणाऱ्या एका गड्याच्या तो थेट हातात गेला. क्लबचा म्हातारा अमेरिकन कोच धापा टाकत शिडी चढून वर आला, तो कोणी फेकला ते बघायला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात शुक्रवारी तो खेळत आला. चार वेळा करंडक. 'दत्ता'चं 'डाटा' करून लोक 'डाटा! डाटा!' म्हणून ओरडत. फहाहीलच्या न्हाव्याने आरशाशेजारी त्याचा फोटो लावला होता. कंपनीत मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. आणि गावाहून बायको तेजस्वी अजून विचारायची, "फुटबॉल ना ओ तो? मग पायानं कदी मारता?"

मेहविशने रिपोर्ट पुन्हा वाचला. "खांद्यातला स्नायुबंध अर्धा फाटलाय. आता एकदा जरी जोरात फेकलंत, तरी पूर्ण तुटेल. मग ऑपरेशन, आणि सहा महिने पाना उचलता येणार नाही."

सहा महिने कंपनी कोणाला ठेवत नाही. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, इकामा गेला की परत गावी. हे दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

"शुक्रवारी फायनल हाय," तो म्हणाला.

"मी नको म्हणू शकते. धरून ठेवू शकत नाही."

शुक्रवारी ती नवऱ्याला, यासिरला, घेऊन मैदानावर गेली. खेळ समजत नव्हता, म्हणून ती फक्त दत्तप्रसादचा खांदा पाहत होती. तो बॉल जवळच्या जवळ देत होता, हलक्या हाताने. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा संघ चार गुणांनी मागे होता. आता हा लांब फेकणार, हे समोरच्यांनाही माहीत होतं. ते सगळे मागे जाऊन उभे राहिले.

दत्तप्रसादने हात मागे खेचला.

"नको!" मेहविश उठून उभी राहिली.

हात तिथेच थांबला. मग एकेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने बॉल पोटाशी धरला आणि मोकळ्या पडलेल्या मधल्या जागेतून तो स्वतःच धावत सुटला. शेवटच्या रेषेवर त्याला दोघांनी धरलं, पण तिघेही पडले ते पलीकडे. पंचाने दोन्ही हात वर केले: सहा गुण, आणि करंडक.

गर्दीतून वाट काढत ती खाली आली. तो हेल्मेट काढून उभा होता.

"फेकणार होतात ना?"

"होतो." त्याने हेल्मेट काखेत धरलं. "कोचला सांगितलं, झालं माजं. आजपासून बंद."

"बरं केलंत, दादा."

"आमचा पळणारा गडी, साबीर, त्या कोपऱ्यात होता ओ. एकटाच. असा मोकळा गडी नऊ वर्षांत मला कदी भेटला नाय."

पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावत येत होती. कोपऱ्यात आता कुणीच नव्हतं. तो अजून तिकडेच बघत होता, अंतर मोजत.