अकरा नंबरचे चान्स

रंगनाथ पानसे यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता, आणि त्याची त्यांना काडीचीही खंत नव्हती. पिंपरीच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं तपासनीस होते. समोर आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि शंका आली की लाल खूण करून बाजूला टाकायचा. पुढे कारखान्यानं माणसं कमी करायला काढली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले. मेथी कशी निवडावी आणि कणीक किती मळावी हे त्यांनी बायकोला आठ महिने शिकवलं. शेवटी नंदाताईंनी पेपरातली एक जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. येरवड्याच्या एका कंपनीला परदेशातले फुटबॉलचे सामने बघून आकडे मोजणारी माणसं हवी होती. “चुका काढायची हौस आहे ना, मग तिथे पगार घेऊन काढा,” एवढंच त्या म्हणाल्या.

ज्यांच्यासाठी आकडे मोजायचे ते गिऱ्हाईक म्हणजे एका दूरच्या देशाची फुटबॉल संघटना. करारानुसार तिचं नाव घ्यायला बंदी होती, म्हणून ऑफिसात तिला नुसतं ‘क्लायंट’ म्हणत. त्या देशाचे आठ खेळाडू युरोपातल्या वेगवेगळ्या क्लबांकडून खेळत, आणि त्यांतल्या कुणाला राष्ट्रीय संघात घ्यावं यावरून तिकडे दर आठवड्याला रण माजे. भांडायला आकडे लागतात, ते येरवड्यातून जात: गोल किती, गोलवर मारलेले फटके किती आणि ‘चान्स’ किती. चान्स म्हणजे असा पास, की तो मिळताच आपल्या गड्यानं गोलवर फटका मारला. कंपनीचा नियम एका ओळीचा होता: फटक्याआधी चेंडू ज्याच्याकडून आला, चान्स त्याचा.

एकच सामना दोघं जण वेगवेगळे बसून मोजत. दोघांच्या शीट्स कॉम्प्युटरमध्ये एकदा बंद झाल्या की त्यात बदल करता येत नसे. मग दोघांनी टेबलाशी समोरासमोर बसायचं, जिथे आकडे जुळत नाहीत तिथे वाद घालायचा आणि एक सहमतीचा आकडा काढायचा. क्लायंटला जायचा तो हाच. टेबलावर रंगनाथरावांच्या समोर दोन वर्षं बसत होती ती तरन्नुम शेख.

तरन्नुम पंचवीस वर्षांची, राहायला येरवड्यातच. तिचे वडील इम्तियाजभाई कॅम्पात बुटांचं दुकान चालवत आणि तरुणपणी एका क्लबाकडून बॅकला खेळलेले. लहानपणी रविवार सकाळ तिनं मैदानाच्या कडेला काढलेली. त्यामुळे तिचं मोजणं आणि रंगनाथरावांचं मोजणं यांत येरवडा आणि स्वारगेट यांच्याएवढं अंतर पडे. सगळ्यांत जास्त पडे ते अकरा नंबरच्या बाबतीत. त्या आठांतला हा गडी डाव्या कडेनं पळायचा आणि स्वतः गोल न मारता दुसऱ्यांना मारायला द्यायचा. त्यांतलाच सात नंबर उठसूट फटके मारायचा; फटका दिसतो, त्यावर वाद होत नाही. पास मात्र पटवून द्यावा लागतो.

“हा चान्स आहे, सर.”

“चेंडू त्याच्या नडगीला लागून गेला. ठरवून दिलेला नाही. बाद.”

“नियमात ठरवून असं कुठे म्हटलंय?”

“नियमात डोकं वापरू नका असंही म्हटलेलं नाही.”

हा थ्रो-इन आहे, हातानं फेकलेला, बाद. ज्याला दिला त्यानं आधी एकाला चकवलं, मग श्रेय त्याचं, बाद. देताना यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, बाद. ती नऊ घेऊन येई, हे पाच. प्रत्येक पास पुन्हा लावून बघायला वेळ कुणाला होता? मग मंडईत होतं तसं व्हायचं. चला, तुमचंही नको, माझंही नको, सात लिहा. रंगनाथरावांना या पद्धतीचा अभिमान होता. पोरगी चढवून सांगते, आपण उतरवून सांगतो, मध्ये खरं सापडतं, असा त्यांचा हिशेब. आणि वाद संपला की ती स्वतःच्या डब्यातला शामी कबाब ‘सर, तुम्ही खात नाही ना’ असं मुद्दाम विचारून त्यांच्यासमोर खाई, हेही त्यांना आवडायचं. घरी नंदाताईंपाशी ते तिच्याबद्दल तक्रारच करत; पण रोज करत.

दोन हजार दहाच्या एप्रिलात तरन्नुमचा करार संपत आला. आता एक तर कायम, नाही तर घरी. बहिणीच्या लग्नासाठी ती आठवडाभर रजेवर गेली, आणि तिच्या जागी टेबलाशी चेतन आला. त्याला पुढच्या महिन्यात हिंजवडीत दुसरी नोकरी लागली होती, त्यामुळे या नोकरीत तो नुसता देहानं हजर असे.

रंगनाथरावांनी अकरा नंबरचे चार चान्स मांडले. चेतनचे आठ होते.

“माझे चार आहेत,” रंगनाथराव सरसावून म्हणाले.

“ओके सर. चार.”

“अहो, तुमचे आठ आहेत.”

“तुम्ही सीनियर आहात, सर. चार डन.” आणि त्यानं बटण दाबलंसुद्धा.

रंगनाथराव गडबडले. चार हा आकडा पाठवण्यासाठी नव्हताच! तो होता ओढून सहावर नेण्यासाठी. चहा घ्यायला गेले तरी ते चार त्यांच्या डोक्यातून जाईनात. शेवटी त्यांनी हेडफोन लावले आणि तो सामना पुन्हा लावला. या खेपेला समोर भांडायला कुणी नव्हतं, म्हणून कधी नव्हे तो त्यांनी कंपनीचा एका ओळीचा नियम शेजारी ठेवला आणि तो म्हणेल तसं मोजलं. आठ आले. पुन्हा मोजलं, तरी आठच.

मग त्यांनी तरन्नुमच्या जुन्या शीट्स काढल्या. फेब्रुवारीतली एक, तिचे नऊ. मोजलं, नऊ आले. डिसेंबरातली एक, तिचे सहा. सहाच आले. तिसऱ्या शीटमध्ये तिचे सात होते आणि रंगनाथरावांना आठ सापडले. म्हणजे चुकली होती तीही कमीच मोजून. दोन दिवस ते हेच करत बसले. पोरगी चढवून सांगत नव्हती. ती नुसतं मोजत होती, आणि घासाघीस एकटे रंगनाथराव करत होते. दोन वर्षांत मधला म्हणून जो आकडा गेला तो मधला नव्हताच, दर वेळी थोडा कापलेला होता. आपण इतके दिवस त्या अकरा नंबरवर लाल खुणा मारत बसलो, हे कळल्यावर रंगनाथरावांना लाज वाटली. स्वतःची लाज वाटण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे नेमकं काय होतंय हे कळायलाच त्यांना थोडा वेळ लागला.

ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजर म्हणाले, “गेलेले आकडे गेले. दोन वर्षांचं उकरून काढलं तर क्लायंट राहील का? तुम्ही राहाल का?” मग ते एचआरच्या निकिताकडे गेले. तिच्याकडे तरन्नुमची फाइल उघडीच होती.

“बरं झालं सर, तुम्हीच आलात. तरन्नुमचा एरर बावीस टक्के आहे.”

“एरर कशावरून काढता?”

“तिचा आकडा आणि सहमतीचा आकडा, यांतला फरक. कायम व्हायला दहाच्या आत लागतो.”

“अहो, पण तिचाच आकडा बरोबर आहे. चूक माझी आहे. मी मोजून पाहिलंय.”

“सर, असं फीलिंगवर नाही ना चालत. सिस्टीम सहमतीचाच आकडा खरा धरते.” मग तिला त्यांच्या चेहऱ्याची कीव आली असावी. “एक करता येईल. सोमवारची शीट रिव्ह्यूची आहे. त्यात ती दहाच्या आत आली, तर मी शेवटचा परफॉर्मन्स म्हणून तोच धरते. मी तिला फोन करून सांगितलंय तसं.”

रंगनाथरावांना एकदम हलकं वाटलं. हे तर फारच सोपं होतं. सोमवारी आपणही नियमानं मोजायचं. तिचा आकडा आणि आपला आकडा एकच येईल, वादच नाही, एरर शून्य. मुलगी कायम, आणि क्लायंटला दोन वर्षांत पहिल्यांदा खरा आकडा. रविवारी रात्री त्यांनी मेथी कशीही निवडू दिली. नंदाताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी तरन्नुम आली ती हाताला मेंदी घेऊनच. अकरा नंबरचे आठवड्याचे दोन सामने होते. दोघांनी सकाळभर आपापल्या जागी मोजलं, शीट्स बंद केल्या आणि जेवणानंतर टेबलाशी बसले. रंगनाथरावांचे नऊ होते. कापाकापी न करता मोजलेले नऊ. त्यांना ते कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

“बोला, तुमचे किती?”

“पाच, सर.”

“किती?”

“पाच.” ती हसत होती. “तुमचेही पाचच असणार. पैज लावते.”

“माझे नऊ आहेत.”

तिचं हसू गेलं. “सर, प्लीज. आज नको ना मस्करी. आज रिव्ह्यू आहे.”

“मस्करी नाही. हा बघा.” त्यांनी तेविसाव्या मिनिटाचा पास लावला. “चेंडू यानं दिला, त्यानं मारला. हा चान्स आहे की नाही?”

“नडगीला लागून गेलाय, सर. ठरवून दिलेला नाही.”

“नियमात ठरवून असं कुठे म्हटलंय?” रंगनाथरावांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचा चेतन वळून बघायला लागला. “आणि हा? एकोणचाळिसावं मिनिट?”

“थ्रो-इन आहे.”

“मग काय झालं? चेंडू त्याच्याकडूनच आला ना?”

“हातानं, सर.”

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, तसली गत झाली. ते एकेक पास लावत गेले आणि ती एकेक बाद करत गेली. शांतपणे, एकदाही न अडखळता. अखेर तिनं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढे पसरला.

“निकिताचा फोन आला तेव्हा मी खूप रडले, सर. मग ठरवलं, शिकायचं. तुमच्या जुन्या शीट्स घरी लॉग-इन करून बघितल्या. तुम्ही काय काय सोडता ते सगळं लिहून काढलं. लग्नघरात कुणी बोलूच देत नव्हतं, म्हणून गच्चीवर बसून केलं. अब्बा म्हणाले, हा कसला फुटबॉल? मी म्हटलं, सरांचा आहे.”

कागदावर एकोणीस ओळी होत्या, नीट क्रमांक घालून. थ्रो-इन. नडगी. मान वर न करता दिलेला. पाठीमागे टाच मारून दिलेला. सामना आधीच जिंकलेला असताना दिलेला. ही शेवटची ओळ वाचून रंगनाथरावांना धक्काच बसला. असं आपण करतो हे त्यांना माहीतच नव्हतं. पण तिनं तारखांसह तीन दाखले दिले होते.

“यातला एकही नियम नाही, तरन्नुम. तुमचं आधीचंच बरोबर होतं. मी मोजून पाहिलंय.”

तिनं कागद त्यांच्याकडे आणखी सरकवला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तोंड दोन वर्षं पोळलेलं. “सर, तुम्ही माझी परीक्षा घेताय का? मी नऊ म्हणावं म्हणून? म्हणजे पुन्हा सैल मोजते असं होईल?”

“नाही हो.”

“मग पाच लिहा ना, सर.” तिचा आवाज बारीक झाला. “शीट बंद झालीय माझी. तुम्ही सात जरी लिहिलं ना, तरी मी गेले.”

ते रंगनाथरावांना आधीच कळलं होतं. नऊ लिहिले तर ती घरी. मधले सात लिहिले तरी घरी. तिकडे दूरच्या देशात परवा संघ निवडायला बसणार होते, आणि सात नंबर की अकरा नंबर यावर भांडायला त्यांना हाच कागद मिळणार होता. त्या अकरा नंबरचं तोंड रंगनाथरावांनी दोन वर्षं दर आठवड्याला पाहिलेलं. पास दिल्यावर तो चेंडूकडे बघायचा नाही, ज्याला दिला त्याच्याकडे बघायचा. हे त्यांच्या लक्षात आलं होतं ते याच आठवड्यात.

त्यांनी पाच लिहिले आणि बटण दाबलं.

पडद्यावर रंगनाथरावांच्या नावापुढे एरर ऐंशी टक्के असं लाल अक्षरांत उमटलं. तरन्नुमच्या नावापुढे हिरवं शून्य. दोन वर्षांत त्या रकान्यात तिनं शून्य पाहिलंच नव्हतं. मेंदीचे दोन्ही हात तोंडावर धरून ती हसली, आणि मग डोळे पुसले.

“सर, घरी फोन करू?”

“करा की.” रंगनाथराव उठले आणि टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, “हा कागद मला देता का?”

“घ्या ना, सर,” ती नंबर लावता लावता म्हणाली. “माझा पाठ झालाय.”